जागेअभावी कापलेली ओळ

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी घाटंजीहून कुंदाताईंचा फोन. वाचनालयाची नवी खोली बांधून झाली. समोरच्या भिंतीवर एक वाक्य रंगवायचं आहे, आणि ते निवडायचा मान समितीने त्यांना दिला. तीस तारखेला निवृत्त होतात म्हणून. सगळ्यांना वाटलं, एखादं संतवचन सांगतील. त्यांनी माझ्या सदरातली ओळ सांगितली.

माझी म्हणजे माझी नाही. पेपरच्या पहिल्या पानाच्या तळाशी मी रोज एक ओळ द्यायचो. सिनेमातली, गाण्यातली, पुस्तकातली. बातम्या लावून झाल्यावर सगळ्यात शेवटी.

‘पेंटर विचारून राह्यला, खाली नाव कोन्त्या सिनेमाचं टाकू. तेवढं सांगा भाऊ.’

ती ओळ लगेच आठवली. आई सासरी निघालेल्या मुलीला सांगते, की ज्या घरात आपल्याला नावाने हाक मारत नाहीत, त्या घरात राहू नये. चार कॉलम लिहूनही आम्हाला जे जमलं नसतं ते कुण्या संवादलेखकाने एका दमात सांगून टाकलं. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. लाज वाटण्यासारखीच गोष्ट.

सिनेमाचं नाव शोधून ठेवतो म्हणालो. रविवारच्या लेखाला अजून शेवट नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

लेख गेला. दुपारच्या एसटीने घाटंजी. बाजाराचा दिवस, उतरल्यापासून वाचनालयापर्यंत वांगी, संभाराच्या हिरव्या जुड्या आणि माणसं चुकवत.

कुंदाताईंनी कपाटाच्या दाराची आतली बाजू दाखवली. माझं कात्रण, पिवळं पडलेलं, चारी बाजूंनी चिकटपट्टी. वीस वर्षं ओळख आहे, पण हे दार आजवर माझ्यासमोर उघडलं नव्हतं.

मारेगावचं सासर सोडून त्या निघाल्या, एवढं ऐकून होतो. आज त्यांनीच सांगितलं. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं. ते कुणी घेतलं नाही आणि जुनंही नाही. ‘सासू म्हने अवं. दीर म्हनत मोठी. नवरा काहीच म्हनत नसे, खाकरला की समजायचं.’ दोन वर्षं. मग एक दिवस किराण्याच्या पुडीचा कागद उलगडला, त्यात ही ओळ. आठवड्याने निघाल्या. वाचनालयात रोजंदारीवर लागल्या, मग परीक्षा दिल्या, मग ग्रंथपाल.

‘पेपर बी तुमचा नाही वाचला मी,’ हसल्या. ‘तुमची पुडी वाचली.’

आज सारं गाव त्यांना नावाने हाक मारतं. मी बसलो होतो तेवढ्यात नऊ वेळा. मोजलं. एवढ्याशा कागदावर कुणी एवढं उभं करू शकतं, हे बघून मी नुसता चहा पीत राहिलो.

१० नोव्हेंबर, सोमवार

माळ्यावरून वह्या काढल्या. त्या वेळी थेटरात, गाडीत, जिथे असेन तिथे उतरवून घ्यायचो. सगळं वाचत बसलो, काम बाजूला राहिलं. रेडिओवरच्या एका गाण्याची अर्धी कडवी आहेत. त्या गाण्यामुळे मी नागपूरची नोकरी नाकारली होती, हे सौ.ना अजून माहीत नाही. (त्यांना वाटतं, त्यांच्या आईच्या आजारपणामुळे.)

चौथ्या वहीत ओळ सापडली. सिनेमाचं नाव नाही. तेव्हा वाटलं असणार, हे काय विसरायचंय.

पण ओळ एकच नाही, दोन आहेत.

आई पुढे सांगते, की मात्र निघण्याआधी एकदा आपणच कुणाला तरी नावाने हाक मारून पाहावी.

दुसऱ्या वाक्यावर लाल पेन्सिलीची रेघ. बाजूला माझंच अक्षर : जागा नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

त्या दिवशी काय आलं असेल? एखादी जाहिरात, शेवटच्या क्षणी. आम्ही खालून कापायचो. बातमीचं ठीक, तिचं महत्त्वाचं सगळं वर असतं. ओळीचं तसं नसतं हे तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही. छपाईला आठ मिनिटं उरलेली असायची.

हातातलं काम सोडून सौ.ना सांगितलं.

‘मग फोन करा की त्यायले.’

‘त्यांनी त्या अर्ध्या वाक्यावर घर सोडलं. आता सांगू, की आधी हाक मारून पाहायची होती?’

‘छापल्यावर चुकलं तर शुद्धिपत्र देता तुम्ही. भिंतीवर काय देसान?’

मेथी निवडत होत्या, वर पाहिलंसुद्धा नाही. एवढी वर्षं खरा संपादक मी यांनाच समजायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

फोन केला नाही. कापूस वेचणीवर लेख मागितलाय, तो लिहिला. वेळेच्या दोन तास आधी दिला. असं आयुष्यात झालेलं नाही.

कुंदाताईंचा निरोप : पेंटर सोमवारी येतो, नाव मिळालं का.

वाक्य खोटं नव्हतं. अर्धं होतं. पण माणूस त्या अर्ध्यावर पूर्ण उभा राहिला असेल तर उरलेलं अर्धं आणून त्याच्या हातात ठेवायचा मला काय…

१५ नोव्हेंबर, शनिवार

गेलो. वही पिशवीत. खोलीला अजून चुन्याचा वास. भिंत पांढरी, मोठी. कुंदाताई खुर्च्या लावत होत्या. वही उघडून पुढे केली.

त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. लाल रेघेवरून बोट फिरवलं.

‘जागा नाही?’

‘नव्हती.’

बाहेर कुणीतरी ‘कुंदाताई, हाये का?’ केलं, त्यांनी ओ दिली नाही. मला वाटलं, झालं, संपलं.

मग म्हणाल्या, ‘मी मारली होती हाक. पुडी तर मंग उलगडली.’

त्या घरात बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. उखाण्यात घेतलं तेवढंच. एका संध्याकाळी नवरा अंगणात बाजेवर बसलेला, सोबत सासरे, दीर, शेजारची दोन माणसं. कुंदाताईंनी स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याला नावाने हाक मारली. मोठ्यानं. दोनदा.

‘सारे माह्याकडं पाहून राह्यले. त्यायनंच तेवढं पाह्यलं नाही. सासू म्हने, अवं, भाकर करपून राह्यली. मी गेली भाकर पाहाले.’

म्हणजे दुसरं वाक्य त्या आधीच करून आल्या होत्या. न वाचता. ज्याने लिहिलं त्याला हे कळायला हवं होतं. मी पाच दिवस ज्या ओझ्याखाली होतो ते त्यांनी खुर्ची सरकवावी तसं बाजूला केलं.

मग एकदम विचारलं, ‘त्या सिनेमात पोरीनं हाक मारली तं ओ देल्ली का कोनं?’

खरं ते सांगितलं. तंबूतला सिनेमा होता. बातमी घेऊन शेवटची गाडी गाठायची होती, मी मधूनच उठलो होतो.

‘म्हंजे तुमी बी अर्धाच पाह्यला,’ म्हणाल्या. हसल्या, पण डोळे पुसले. पदराने नाही, हाताच्या पाठीने, घाईघाईने. बाहेर अजून कुणीतरी थांबलं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर फोन. पुसदला एक, वणीला एक, पेपरातले दोन जुने सोबती. तो सिनेमा दोघांना आठवतो, ओळही आठवते. सिनेमाचं नाव आणि शेवट कुणालाच नक्की नाही. एक म्हणतो ओ आली. दुसरा म्हणतो, तू वेडा आहेस, मुलगी गाडीत बसून गेली.

संध्याकाळी कुंदाताईंना विचारलं, पेंटरला किती लिहून देऊ? एक की दोन?

‘इचार करून राह्यली. सकाळी सांगते.’

काल निघताना मी सवयीने भिंत मापली होती. वितीने, त्यांचं लक्ष नसताना. अक्षर पाच बोटांचं धरलं तरी दोन्ही वाक्यं बसतात.