त्या कादंबरीतली बाळंतीण

बाई, उद्या बाजाराचा दिवस आहे, आणि बाजार उरकला की तांड्यावरच्या एका जीपवाल्याची बायको माझ्याकडं एक कादंबरी न्यायला येणार आहे. कादंबरी तुमच्याच पोत्यातली, निळ्या पुठ्ठ्याची, जाड. आज दुपारी ती मागायला आली तेव्हा पुस्तक माझ्या पाठीमागच्या फळीवरच होतं, आणि मी सांगितलं की बाहेर गेलंय, उद्या बघतो. तेव्हापासून काही सुचत नाही. एका कंडक्टरला त्यानं नुकतंच परत केलेलं पुस्तक पुन्हा दिलं. तो म्हणाला, शेठ, तब्येत बराबर हाय ना? तुम्ही असता तर दुकानाचं दार ओढून घेतलं असतं, गोरेगावची जीप धरली असती आणि तुमच्या ओट्यावर येऊन बसलो असतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कोणाला काय वाचायला द्यावं याचा पेच पडला की माझं तोंड अजून गोरेगावाकडंच वळतं.

तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली माझं पंक्चरचं दुकान होतं, ते नव्वदच्या आसपासचे दिवस. तुमच्या सरांची नजर गेलेली, ते आत पाटावर बसलेले, आणि तुम्ही स्वयंपाक करता करता त्यांना कादंबरी वाचून दाखवताय. मला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. माझे कान तेव्हापासूनच तिखट; ट्यूब पाण्यात न बुडवताही हवा कुठून जाते ते मला कळायचं. तुम्ही स्टोव्हला पंप मारायला थांबलात की माझाही हात टायरवर थांबायचा. रहस्यकथा तुम्ही भराभर वाचायचा, भुताची हळू, आणि कौटुंबिक कादंबरीत सासू बोलायला लागली की तुमच्या आवाजात गावातली कोण सासू आलीय ते मला ओळखू यायचं. एकदा तुम्ही ऐन वळणावर वाचणं थांबवून भाकरी थापायला घेतली आणि मला राहवलं नाही. खिडकीतून विचारलं, मग फौजदाराला कळलं का न्हाई? आत भाकरी थापायचा आवाज थांबला. मग सर हसले, आणि तुम्ही म्हणालात, "आत ये. आधी हात धू."

सर गेल्यावर तुम्ही सगळ्या कादंबऱ्या गव्हाच्या पोत्यांत भरून माझ्यापुढं ठेवल्या. ऐकणारं कोणी राहिलं नाही, म्हणालात. त्या पोत्यांवर मी सेनगावला स्टँडजवळ भाड्यानं पुस्तकं द्यायचं दुकान टाकलं. लोक म्हणायचे, पंक्चरवाला आता शायना झाला. पण दुकान चाललं, आणि चाललं ते माझ्या तोंडावर. कंडक्टरला रहस्यकथा द्यावी, कारण दर थांब्याला तोडावी लागली तरी धागा सुटत नाही. एका रिटायर तलाठ्याला ऐतिहासिक लागायची. त्याला मी आधीच सांगून ठेवायचो की साहेब, मधली प्रेमाची तीन प्रकरणं ओलांडा, पुढं लढाई फर्मास आहे. कॉलेजच्या पोरी प्रेमकथा मागताना आवाज बारीक करायच्या, त्यांना मी ती वर सामाजिक कादंबरी ठेवून द्यायचो. खेड्यावरची कादंबरी मात्र खेड्यातला माणूस नेत नसे. म्हणायचा, ते तर आमी रोज पाहून राहिलो, त्याचं भाडं काहून द्यायचं?

आणि माझा माज तुम्ही उतरवलात तोही दिवस आठवतो. एका नव्या सुनेला मी भुताची कादंबरी दिली होती, लई भारी हाय म्हणून. नवरा तिचा ऊसतोडीला गेलेला. ती रात्री मोरीकडं जाईना, म्हणून सासू येऊन दुकानापुढं मला नाही नाही ते बोलली. मी ही गोष्ट तुम्हाला गंमत म्हणून सांगायला आलो, तर तुम्ही हसला नाहीत. तूर निवडत होतात. "भारी काय असतं रे? भारी पोतं असतं," म्हणालात. "आपल्याकडं पुस्तक नेतो एक आणि ऐकतं सगळं घर. घरात कोण कोण आहे ते विचारल्याशिवाय एकही पुस्तक देऊ नकोस." तेव्हापासून मी ते विचारायला लागलो. तुम्ही गेलात त्यानंतरही बरीच वर्षं विचारत होतो. मग गर्दी वाढली, हात सैल सुटला, आणि त्या जीपवाल्याला विचारायचं राहिलं.

तो माझं जुनं गिऱ्हाईक. सेनगाव-हिंगोली जीप मारायचा आणि नंबर लागेपर्यंत रहस्यकथा वाचायचा. दोन हजार सालानंतरची गोष्ट. एक दिवस म्हणाला, शेठ, मोठं पुस्तक द्या, लवकर सरू नये असं. मला वाटलं, हंगामात पॅसेंजर कमी, बसून वाचणार असेल. मी निळ्या पुठ्ठ्याची काढली आणि तिचं तोंडभरून कौतुक केलं. नदीकाठचं घर, तीन भाऊ, थोरल्याची बायको अशी की वाचणाऱ्याला आपल्याच घरातली वाटावी. तो खूश होऊन गेला.

तीन-चार दिवसांनी हॉटेलात चहा पीत होतो. मागच्या बाकड्यावर दोन जीपवाले याचीच थट्टा करत होते, की आजकाल गडी अंधार पडायच्या आत घरी पळतो, बायकोची सेवा करतो. दुसरा म्हणाला, अरे, तिला डॉक्टरनं खाटेवरून उठू नको म्हनलंय, याच्या आधीची दोन लेकरं हाती आली न्हाईत तिच्या. भाची हाय त्याची घरी, शाळेतली, ती घरी आली की मामीला कादंबरी वाचून दाखवून राहिली.

बाई, माझा चहा तसाच राहिला. कारण त्या कादंबरीच्या मध्यावर काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. ती थोरल्याची बायको, जिचं मी एवढं कौतुक सांगितलं, ती बाळंतपणात जाते. आणि लेखकानं ते असं लिहिलंय की सरांना वाचून दाखवताना तुम्ही मध्येच थांबला होता आणि खिडकीखाली मी हातातला पाना खाली ठेवला होता.

दुकान तसंच टाकून मी तांड्याकडच्या जीपमध्ये चढलो. रस्ताभर हिशेब करत होतो की पोरगी शाळा करून किती वाचत असेल, कुठवर आली असेल. काय सांगून पुस्तक परत घ्यायचं तेही ठरेना. पानं फाटलीत म्हणावं? मालकाला पाहिजे म्हणावं? मालक तर मीच. सोयाबीन काढणीला आलेलं, रस्त्यावर मजुरांची ये-जा, जीप दर फर्लांगाला थांबे, आणि प्रत्येक थांब्याला मला वाटे, आता ते पान उलटलं.

घर शोधायला लागलं नाही. वाचण्याचा आवाज लांबूनच आला. दाराबाहेर म्हाताऱ्या बसलेल्या. पोरगी चार ओळी मराठीत वाचायची, मग म्हाताऱ्यांना समजाव्यात म्हणून त्यांच्या बोलीत सांगायची. मी भिंतीशी उभा राहिलो आणि कान दिला. तेच प्रकरण. सुईण आली होती, नदीला पाणी चढलं होतं, थोरला अंगणात येरझारा घालत होता. मी पाऊल उचललं, आणि पोरीनं वाचलं की पहाटे लेकरू रडलं, सुईणीनं ते आईच्या कुशीत दिलं आणि आई हसली.

असं त्या पुस्तकात कुठंच नाही, बाई. पोरगी डोळे पानावर ठेवून, बोट ओळीवरून फिरवत, पुस्तकात नसलेलं वाचत होती. खाटेवरच्या मामीनं कूस बदलली आणि म्हणाली, "बरं झालं." म्हाताऱ्यांनी मान डोलावली. मी तिथंच भिंतीला टेकलो.

पोरगी पाणी द्यायला बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी दुकानवाला, हे तिनं ओळखलं. हळू आवाजात म्हणाली, "काका, मी कालच पुढचं वाचून पाहिलं व्हतं, म्हनून तिला वाचवलं. पन आता पुढं काय करू? पुढं दोनशे पानं ती मेलेली हाय."

पुस्तक परत घ्यावं तर मामीला संशय यायचा. मी म्हटलं, शाळा सुटली की दुकानात येत जा. तशी ती येत गेली, मामाच्याच जीपनं, आणि पुढचे दोन महिने आम्ही दोघांनी एका मेलेल्या माणसाला संसार करायला लावला. थोरला एकटा जेवतो असं आलं की ती शेतात गेलीय. लेकराला ताप येतो तेव्हा ती माहेरी. पोरगी एकदा घाबरी होऊन आली की काका, आता ह्याचं दुसरं लग्न हाय. मग म्हटलं, त्या दुसरीला धाकट्या दिराची बायको करून टाक. तसं केलं, आणि सावत्र आईची सगळी भांडणं काकूच्या नावावर खपली. आम्ही हसायचो, पण ती गेली की मी पुढच्या प्रकरणांचा हिशेब करत बसायचो. तुम्हीच सांगितलं होतं की पुस्तक पोचतं कुठं ते देणाऱ्यानं पाहावं. हे पुस्तक पोचलं होतं अशा ठिकाणी की एक शब्द चुकला तर त्या खाटेवर काय होईल सांगता येत नव्हतं. जीपवाला नंबरला दिसला नाही की मी कोणाला तरी पाठवून कारण काढायचो.

दिवाळी सरल्यावर मुलगी झाली. आई-लेक दोघी धडधाकट. जीपवाल्यानं पेढे आणले, पुस्तक परत दिलं आणि म्हणाला, "शेठ, पुस्तक भारी व्हतं." मी पेढा घेतला आणि पुस्तक पाठीमागच्या फळीवर ठेवलं.

ती मुलगी आता शाळेत जाते. आज तिला बोटाशी धरून तिची आई आली. पहिल्यांदाच दुकानाची पायरी चढली. म्हणाली, "भाऊ, त्या वक्ताचं पुस्तक द्या. आता माझं लेकरू वाचतंय. त्याच्या तोंडून ऐकायचंय." आणि ते लेकरू फळीवरच्या पुस्तकांची नावं मोठ्यानं, एकेक अक्षर लावत वाचत होतं. एकही अक्षर न चुकता. ते पोरगं छापलेलं तेच वाचणार. म्हणून मी खोटं बोललो.

संध्याकाळी राहवेना. भाचीचं लग्न होऊन ती आखाडा बाळापूरला आहे, तिच्या नवऱ्याचा मोबाइल नंबर जीपवाल्याकडून घेतला आणि तिला सगळं सांगितलं. म्हटलं, आता तूच सांग, मामीला काय सांगू? पलीकडं ती हसली.

"काका, मामीला तवाच कळलं व्हतं. सव्वा महिन्यानं न्हाणं झाल्यावर मला म्हनली, तू तोंडानं ती हसली म्हनत व्हतीस अन् तुझा आवाज रडत व्हता."

मी विचारलं, मग ती बोलली का नाही? दोन महिने ऐकत का राहिली?

"मी बी हेच इचारलं. तर म्हनली, तुझी एवढी धडपड चालू व्हती, मोडू काहून? अन् म्हनली, एक डाव खरं बी ऐकीन. त्या बाळंतिणीसाठी रडायचं माझं राहून गेलंय."

फोन ठेवला आणि निळं पुस्तक फळीवरून काढलं. त्या दिवशी भिंतीशी उभा राहून मी शब्द तेवढे ऐकले. सगळं लक्ष पुस्तकाशी ताळा करण्यात. पोरीचा आवाज रडतोय हे माझ्या कानाला कळलं नाही. ज्या कानापायी तुम्ही मला खिडकीखालून आत बोलावलं होतं, त्या कानाला.

तर उद्या मी पुस्तक देणार आहे. कौतुक करणार नाही, शेवटही सांगणार नाही. पुस्तकातला आणि आमचा, तिला दोन्ही शेवट माहीत आहेत. तरी काळजी सुटत नाही, ती लेकराची. सात वर्षांचं पोर एक-एक अक्षर लावत त्या पानावर जाईल आणि आईला रडताना पाहील. पण ती आई आहे, तिनं ठरवलंय, आणि समोर बसून ऐकणारी तीच आहे.

हा कागद तुमच्यापर्यंत यायचा नाही. पत्ता होता ते घरही आता दुसऱ्याचं आहे. पुस्तकात ठेवावा म्हटलं, तर पुस्तक उद्या चाललंय. म्हणून गल्ल्याखाली ठेवतो. फक्त एक सांगतो, बाई. मघाशी देण्याआधी पाहावं म्हणून ते प्रकरण उघडलं. सुईण आली, नदीला पाणी चढलं, थोरला अंगणात येरझारा घालू लागला, तिथवर वाचलं आणि मिटून टाकलं. माझ्याच्यानं पुढं वाचवलं नाही. मला ती अजून घरात हवी आहे.