सातवा मासा

विमल वन्सं,

आई उठल्या की त्यांना काचपेटीपाशी जाऊ देऊ नका. चहा द्या, बोलण्यात गुंतवा. तुमच्या दादांनी पलटणीत जाताना सोडलेल्या सात माशांतला एक पहाटे मेला. आई रोज काचेवर बोट ठेवून मोजतात आणि म्हणतात, "सात हायती, म्हंजे माजा सहदेव बरा हाय."

मी दहिवलीच्या डोहावर तसलाच लाल शेपटीचा मासा धरायला जाते. रागावू नका, पण हा तिसरा. आधीचे दोन मीच गुपचूप बदलले.

पेटीतलं कुजलेलं पाणगवत तेवढं काढा. बाकीचं उपटू नका, मासे त्यात लपतात. अर्धं पाणी काढून घागरीतलं कालचं हळू ओता. भाताची शितं चारच टाका, जास्त पडली की पाणी नासतं. माझ्याच हातून तसं झालं.

काल दुपारी तार आली, इंग्रजीत. तारवाला वाचून दाखवत होता, मीच नको म्हटलं. माझ्या कनवटीला आहे. आधी सात होऊ देत, मग वाचून घेईन.

चंद्रा