ज्ञानदाकाकूंचा परत आलेला ईमेल

रविवार, संक्रांतीच्या आधीचा. फरीदाबाद.

मंडळाच्या हळदीकुंकवाचं निमंत्रण सकाळी सगळ्यांना ईमेलने पाठवलं. पाच परत आले. नियम माझाच आहे: मेलबॉक्स भरलेला असेल तर दोन दिवसांनी पुन्हा पाठवायचं, पत्ताच चुकीचा असेल तर यादीतून काढायचा. नाहीतर आपले सगळेच ईमेल स्पॅममध्ये जातात.

चार काढले. पाचवा ज्ञानदाकाकूंचा. पत्ता जी-वायने सुरू होत होता. हात थांबला. यादी माझ्या लेकीने, ईराने, फोनवरून घेतलेली. काकूंनी सांगितलं असणार, "माझं नाव आणि आडनाव, बस." दिल्लीत वाढलेल्या ईराला ज्ञान म्हणजे ग्यान. काकू डी-एन-वायच लिहिणार.

फोन केला. म्हणाल्या, "शेजारच्या सुमनला सकाळीच आलं. मला वाटलं, हे गेले, आता हळदीकुंकवाला मला कोण बोलावतंय."

मी हाही पत्ता काढून टाकायचं बटण दाबलं असतं तर?

पत्ता सुधारून पाठवलं. परत आलं नाही. काढलेल्या चौघांना उद्या फोन. पत्ता काढायचा, पण आधी माणसाला विचारून. नियमात हे कसं नव्हतं?

आत्ताच काकूंचं उत्तर आलं. "येते. तिळाचे लाडू मी आणते." खाली पूर्ण नाव, डी-एन-वायपासून.