दसऱ्याला दोन डोक्यांची पूजा

बोईसर, दसऱ्यानंतरचा मंगळवार

ती. स्व. कृष्णकांतमामांस,

भाग्येशचा नमस्कार. मनोरला तुमचे गुडघे आणि मामीचा राग कसा आहे? माझं बरं नाही. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागद.

तुम्ही मला चिकटवून दिलेल्या केमिकल कंपनीत मी कायम झालो तरच चिंतूकाका आपली जागृती मला देणार, हे तुम्हीच चिंचणीला त्यांच्या घरी बसून ठरवलंत. चिंतूकाका इथेच रिअ‍ॅक्टर चालवतात, हे तेव्हा कुणी हिशेबात धरलं नाही.

मी सांभाळतो त्या नेटवर्कच्या मोठ्या स्विचमध्ये दोन कार्डं असतात, यंत्राची दोन डोकीच म्हणा. एक राबतं, दुसरं नुसतं बसतं (हे मला पहिल्या दिवसापासून आवडलं). पहिलं थांबलं की दुसरं उभं राहतं. पण काम न अडखळता चालायचं तर कुठला निरोप कुठल्या वाटेने जातो, ते दुसऱ्याला आधीपासून ठाऊक हवं. त्यासाठी सेटिंगमध्ये दोन ओळी लागतात, एक उभं राहायची, एक वाटा लक्षात ठेवायची. मी पहिली टाकली आणि आमच्या शैलेशसाहेबांनी दसऱ्याच्या पूजेसाठी झेंडू आणायला पिटाळलं. बोईसरला झेंडू महाग, म्हणून नवापूरकडे वळलो. तिथे एकजण होडी रंगवत होता, तिची एक बाजू रंगवून आलो. परत येईपर्यंत दुसरी ओळ टाकल्याचं मनात पक्कं झालं होतं.

दसऱ्याला हत्यार बंद ठेवून पुजायचं. पण रिअ‍ॅक्टरात माल शिजत होता, नेटवर्क बंद कसं ठेवणार? मला सुचलं, एकेक डोकं पुजू. बसलेल्याला आधी हळदकुंकू, मग कारभार त्याच्याकडे देऊन पहिल्याला. सगळ्यांनी माना डोलावल्या. कारभार दिला. दुसरं उभं राहिलं, दिवे हिरवे, मी नारळ फोडला. आणि एकही निरोप कुठे पोचेना. ते डोकं वाटा नव्याने शिकेपर्यंत चिंतूकाकांच्या पडद्यावर तापमान आहे तिथेच थिजलेलं. त्यांनी हाताने व्हॉल्व्ह बंद केले. माणसं वाचली, माल नासला.

मग ते घामाने निथळत आले. "आमी आत भाजतो हाय, आन् तू हितं आरती करतोस? पोरगी तुला नाय देत मी." प्रसादाचा पेढा उचलला होता, तो परत ताटात ठेवून गेले. मामा, शिव्या विसरेन, पण तो ठेवलेला पेढा झोपू देत नाही.

तुमचा,
भाग्येश

ता. क. काल कंपनीने मला कायम केलं. स्विचला काय झालं ते यालाच कळतं, याला सोडून कसं चालेल, असं साहेबांचं म्हणणं. म्हणजे अट पुरी झाली, पण तिची आठवण चिंतूकाकांना मी कुठल्या तोंडाने देऊ? रविवारी मामीला घेऊन चिंचणीला या. बोलणं मामीलाच करू द्या.

आणखी ता. क. राहिलेली ओळ आता टाकली. जागृतीने फोनवर माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, मगच टाकू दिली. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि ते तिच्या बापाला सांगता येत नाही. ती माझ्याशी बोलते हे त्यांना माहीत नाही.