काळजाला दिलेले डाग

ता. ४ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी चष्मा शोधणं थांबव. कपाळावर हात लाव, तिथेच आहे. तो खाली ओढ आणि मग वाचायला बस. हे पत्र कुणाचं, असा चेहराही करू नकोस. तुला एकच बहीण आहे आणि गेल्या आठवड्यात तिच्या काळजाचं काम व्हायचं होतं. ते तू साफ विसरलास, म्हणून तर 'कशी आहेस' एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. फोनवर तुला 'हं' आणि 'काय' यांपलीकडे ऐकू येत नाही, म्हणून सुनेला धरून बसवलंय. मी सांगते, ती लिहिते. अक्षर तिचं, तोंड माझं. कुठे फार गोड वाटलं तर ते तिनं पदरचं घातलंय असं समज.

काम झालं आणि मी घरी आले. जांघेतल्या शिरेतून बारीक तार वर काळजापर्यंत नेली म्हणे. मला गुंगी दिली होती, नाहीतर मी तिथेही चार सूचना केल्या असत्या. जांघेत काळानिळा नकाशा उमटलाय. नातीला त्यात बदक दिसतं. सुनेला काही दिसत नाही, कारण ती बघतच नाही. माझा पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी आणलाय. बादली उचलायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जिना उगाच चढायचा नाही. मुलगा कामावर जाताना मला दम देतो आणि आल्यावर सुनेकडून माझ्या तक्रारी ऐकतो. अशी चैन मला लग्नातही मिळाली नव्हती.

डॉक्टरबाई म्हणाल्या, काळजावर आतून बरेच डाग आहेत, ते पुरते बसायला दोन-तीन महिने जातील. तोवर गोळ्या चालू.

आता तुझं. तुझंही दुखणं हेच आणि औषधांना दाद न देणारं. लाँड्रीत भर गिऱ्हाइकासमोर तुझ्या हातातून इस्त्री पडली, तोंडातून शब्द फुटेना, ते आठवतं का? का तेही विसरलास? वेडेवाकडे ठोके पडले की रक्ताची गाठ होऊन मेंदूत जाते, ती या खेपेला आपोआप सुटली, पुढच्या खेपेला सुटेलच असं नाही, हे तुझ्या डॉक्टरांनी तुझ्या बायकोसमोर सांगितलंय. या कामाची एक तारीख तू पुढे ढकललीस. या महिनाअखेरची ढकलायची नाही. वाट कशी आहे ते मी पुढे जाऊन बघून आलेय.

लोभ आहेच. तो कुठे ठेवलाय तेवढं लक्षात असू दे.

तुझी ताई
(सुनेच्या हातून)

ता. ११ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चष्मा कपाळावरच होता. ही बाजूला उभी होती, ती हसली. पण पुढचं वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला.

ताई, तू थट्टेवारी नेतेस, पण मी काही दूधखुळा नाही. काळजावर डाग, आणि तेही बरेच, हे तू बदक आणि जिना यांच्यामध्ये हळूच सरकवून दिलंस. आमच्या शेजारच्या शिंप्याच्या छातीच्या फोटोत एकच डाग निघाला होता, तर त्यानं दुकान पुतण्याच्या हवाली केलं. माझा जन्म डाग बघण्यात गेला. चहाचा, शाईचा, गंजाचा, कुठला धुऊन निघेल आणि कुठला कापड घेऊन जाईल ते मला लांबून कळतं. पण आत पडलेल्याला घासणार कोण? आधी डाग नव्हते, काम केल्यावर आले, म्हणजे कामच बिघडलं. डॉक्टरबाई 'बसतील' म्हणतात, कारण त्यांना दुसरं काय म्हणता येणार? गिऱ्हाइकाची भारी साडी माझ्या हातून खराब झाली की मीही 'एका धुण्यात जाईल' असंच म्हणतो.

काल दवाखान्यात जाऊन मी माझी तारीख रद्द करून आलो. ही माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पण ताट जरा जोरात ठेवते.

मी तुला भेटायला येईन. सुनेला सांग, मामापासून काही लपवू नकोस. तू मात्र शांत पडून राहा आणि माझी काळजी सोड.

तुझ्या आशीर्वादावर इथवर आलो, तो आवरता घेऊ नकोस.

तुझा धाकटा

ता. १६ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आहेत, पण आज जरा हात राखून. वि. वि.

तुझं पत्र सुनेनं वाचून दाखवलं. डागांपाशी आली आणि तिचा आवाज बारीक झाला. मी म्हटलं, थांब, मागच्या पत्रात तू लिहिलंस तरी काय? तिला शब्द न् शब्द आठवत होता, तो तिनं सांगितला. मी सांगितलं होतं, 'काळजाला डाग दिले.' ते तिला चुकीचं वाटलं. डाग असतो, पडतो, लागतो, डाग देतं कोण? म्हणून तिनं माझं वाक्य नीटनेटकं करून 'डाग आहेत' असं लिहिलं. शिकलेली सून आणली की ही मौज बघायला मिळते. आता तिचे कान लाल झालेत. तेही लिही म्हटलं, तर नको म्हणते. लिही गं.

तिचा दोष नाही. ती या घरात आली तेव्हा दुकान बंद झालं होतं. पण तुझं काय? तुझे दाजी सोनारकाम करायचे, हेही विसरलास? अर्धा जन्म तू त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून चहा ढोसलास. तुटलेली साखळी चिमट्यात धरायची, फुंकणीनं ज्योत नेमकी सांध्यावर आणायची आणि डाग देऊन कड्या जोडायच्या. डाग चांगला बसला की साखळी दुसरीकडे तुटेल, तिथे तुटणार नाही, असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. डॉक्टरबाईंनी मला चित्र काढून दाखवलं. काळजात भलत्याच जागेवरून ठिणग्या उडतात आणि त्यानं ठोक्यांची घडी विस्कटते. त्या जागेभोवती तारेच्या टोकानं चटके द्यायचे, की ठिणगी बाहेर पडत नाही. मी म्हटलं, म्हणजे डाग देता. त्या म्हणाल्या, हो आजी, तसंच. आमचं दोघींचं लगेच जमलं.

तेव्हा लाँड्रीवाले, हा तुमच्या घासण्याचा डाग नाही. तो निघू नये म्हणूनच दिलाय. उद्या सकाळी बायकोला बरोबर घे आणि नवी तारीख मागून आण. ती ताट हळू ठेवायला लागेल.

लोभ तोच आहे, फक्त तुला टोचतोय.

तुझी ताई
(सुनेच्या हातून. मामा, मला माफ करा. आजपासून त्या सांगतील तसंच लिहीन.)

ता. २३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दाजींची फुंकणी आठवली. त्यांचे फुगलेले गालही आठवले. सुनेवर रागावू नकोस, मी रागावलेलो नाही.

पण तारीख अजून मागितलेली नाही. ही मला दवाखान्यात घेऊन गेली होती. खिडकीपाशी आमचा नंबर आला आणि मी मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं. नंतर त्याच्या मागच्यालाही. मग आम्ही घरी आलो.

ताई, खरं सांगतो. तुझं ते 'डाग आहेत' वाचलं तेव्हा मला धस्स झालं, आणि त्याच क्षणी सुटल्यासारखंही वाटलं. आता जायला नको, कुणी मला भित्रा म्हणणार नाही, असं वाटलं. बहिणीचं वाईट झालं असं समजून ज्याला हायसं वाटतं, त्याला काय म्हणावं, तूच सांग. मला दुखण्याची भीती नाही. ते झोपवतील आणि मी जागा नसताना कुणीतरी आत हात घालील, याची भीती वाटते. दुकानाची किल्लीसुद्धा मी कधी कुणाकडे दिली नाही.

एकच विचारतो. काम झाल्यापासून ती धडधड पुन्हा आली का? थट्टा नको, आणि सुनेनं सुधारूनही द्यायचं नाही.

धाकटा म्हणून पदरात घे.

तुझा धाकटा

ता. २९ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आली होती. तुझं पत्र मिळायच्या आदल्याच दिवशी. दुपारी खिडकीशी बसून उशांचे अभ्रे घडी करत होते. पिशवीत कोंडलेलं मांजर जसं आतून धक्के देतं, तसं सुरू झालं. अगदी पूर्वीसारखं. मी अभ्रा हातात धरून तशीच बसले. वाटलं, हाक मारली नाही तर कदाचित निघून जाईल. चहा निवला. सून कप न्यायला आली, माझ्याकडे बघितलं आणि तिनं सरळ दवाखान्यात फोन लावला. त्यांनी बोलावून घेतलं, काळजाची पट्टी काढली, ईसीजी म्हणतात ती. तिच्यात ते सगळं वेडंवाकडं उमटलं. रात्रीपर्यंत थांबलं आपोआप.

डॉक्टरबाईंनी सांगितलं, दिलेले डाग भरत असताना पहिले काही महिने असं होऊ शकतं, त्यावरून काम फसलं म्हणता येत नाही. साधलं, असंही त्या आत्ता म्हणत नाहीत. कुणाकुणाला दुसऱ्यांदा करावं लागतं. मलाही लागेल कदाचित. मी भ्याले, धाकट्या. गाडीत सुनेचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ उठला.

इथे सून लिहायची थांबली आणि म्हणाली, हे वाचून मामा जाणार नाहीत, लिहू का? मी म्हटलं, तू सुधारायचं नाही असं कबूल केलंयस.

तुला हायसं वाटलं त्याचं मी काय म्हणू? मला दवाखान्यात नेत होते तेव्हा वाटलं होतं, हे आधी धाकट्याचं होऊ दे, मग मी बघेन. फिट्टंफाट झाली.

आता दुसरंही ऐक. बाकीच्या दिवशी सकाळी जाग येते आणि मी जरा वेळ माझं काळीज शोधत राहते. सापडत नाही. आवाजच करत नाही ते. घरात सगळे गाढ झोपलेत आणि आपण एकटेच उठलोय, तेव्हा कसं असतं, तसं. इतक्या वर्षांत हे मी विसरूनच गेले होते. त्या सकाळींसाठी मी पुन्हा गुंगी घेईन.

तरी माझं बघून जाऊ नकोस आणि माझं बघून थांबूही नकोस. इस्त्री तुझ्या हातातून पडली. किल्ली जन्मभर कमरेला ठेवलीस, ठीक. पण तू आत अडकून पडलास तर दार कुणी उघडायचं, एवढा विचार कर. यापुढे मी तारखेचं विचारणार नाही.

लोभ दोन्हीकडून सारखा, गेलास तरी आणि न गेलास तरी.

तुझी ताई
(सुनेच्या हातून, एकही शब्द न बदलता)

ता. १७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं. काल घरी आलो. पडून लिहितोय, म्हणून अक्षर असं.

कळवलं नाही, कारण खिडकीपासून परत आलो असतो तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. किल्ली हिच्याकडे दिली. गुंगी देण्याआधी तिथल्या नर्सनं वार विचारला, तो काही मला आठवेना. तिला वाटलं, रक्ताची गाठ मेंदूत गेली. धावपळ उडाली. हिला आत बोलावलं, तर ही म्हणाली, त्यांना तो लग्नापासून आठवत नाही.

जागा झाल्यावर डॉक्टरांना विचारलं, डाग नीट दिलेत ना? त्यांनी 'डाग' असं स्वतःशी म्हणून बघितलं आणि मग हो म्हणाले. पुढचं तुझ्यासारखंच, महिने गेल्यावर कळेल. सध्या आत शांत आहे. मीही शोधून बघितलं.

भाचा पुढच्या महिन्यात कामासाठी इकडे येणार आहे. त्याच्याबरोबर तुला काय पाठवू ते कळव.

तुझा धाकटा

ता. २२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आज आशीर्वाद मोजायचे नाहीत, सगळे तुझे. वि. वि.

सुनेनं पत्र वाचलं आणि 'झालं' या शब्दाशीच ती रडायला लागली, त्यामुळे पुढचं कळायला मला बराच वेळ थांबावं लागलं. तुझ्या बायकोला सांग, वाराचं उत्तर फार चांगलं दिलंस. तुला सांगते, गोळ्या विसरशील, तेव्हा त्याही तिच्याच ताब्यात दे. छातीत पुन्हा मांजर उठलं तर माझ्यासारखा चहा निववत बसू नकोस, लगेच हाक मार. माझं त्यानंतर एकदाच उठलं, आणि लवकर निजलं.

लोभ वाढव म्हणत नाही. आहे तेवढा घेऊन पुष्कळ दिवस जग.

तुझी ताई
(सुनेच्या हातून)

ता. क. मुलाबरोबर डाळिंबं पाठव. ती तू स्वतः चालत जाऊन आणायचीस. बायकोला पाठवायचं नाही. ती लाल रंगाला भुलते, मला एका दाण्यात कळेल. साल जरा उदास असलेलं, हातात घेतल्यावर दिसतं त्याहून जड लागणारं बघून घे. डॉक्टरांनी बाजारापर्यंत जायची मोकळीक दिल्यावरच जा, मुलगा तोवर परतला तर मागाहून पाठव. आणि दोनच घे. त्याहून जास्त वजन आपल्याला इतक्यात उचलायचं नाही.