रिकामे चाळीस सेकंद

हार्लिंगेन,
सोमवार, ३ फेब्रुवारी १९९७

प्रिय रिन्स्केताई,

तू बरी असशील आणि याप भावोजींचा गुडघाही यंदाच्या बर्फातून सुखरूप निभावला असेल, असं धरून लिहितो.

माझं झकास. मासळीच्या खोक्यांतून उभारलेला माझा दीपस्तंभ एका संग्रहालयानं घेतला. कलाशाळेचं दारही न पाहिलेल्या माणसाचा! तो तीन अंश कललेला आहे. त्यांनी सरळ केला होता. मी जाऊन पुन्हा तीन अंश कलवला.

टीव्हीवरच्या कार्टूनमधला बेडूक अकरा वर्षं माझ्याच घशातून बोलतोय, हे तुला ठाऊकच आहे. परवा मासेवाली मिन्के म्हणाली, "काय हो बेडूकराव, आवाज बसला? डबकं आटलं की काय?" मी म्हटलं, "सर्दी."

सर्दी नाही, ताई.

सहा वर्षं तू बोलत नाहीस. मी प्रदर्शनात आईचे अखेरचे श्वास पंधरा मिनिटं ऐकवले, असं तू सगळ्यांना सांगतेस. ती टेप अकरा मिनिटं चाळीस सेकंदांची होती. तू दारात ओरडलीस, "आई म्हणजे तुझं सामान नव्हे, डाऊवे!" आणि मी तुला मिनिटं दुरुस्त करून देत बसलो.

तुला विचारायला हवं होतं. चुकलो.

आपल्याकडच्या प्रत्येक घरासारखं तुझ्याकडेही संडासाच्या दारामागे वाढदिवसांचं कॅलेंडर असेलच. त्यावरची आठवली तेवढी एकवीस नावं सोबतच्या टेपवर घेतली आहेत. ज्याचा वाढदिवस त्याला शुभेच्छा, आणि रीतीप्रमाणे घरच्या सगळ्यांचं अभिनंदन. सगळं माझ्या आवाजात. तुझ्या नातीला बेडूक हवा असेल, तर तो शेवटी आहे. आईचा १९ नोव्हेंबरही घेतलाय. तिच्या नावापुढे तू छोटा क्रूस काढला असशील, नाव खोडलं नसशील.

९ मार्चला माझं नाव आहे का गं अजून? तिथे चाळीस सेकंद कोरे ठेवलेत. स्वतःचं अभिनंदन स्वतःच कसं करणार?

घशात गाठ आहे. गुरुवारी, तेरा तारखेला, स्वरयंत्र काढतील. बुधवारी दुपारी बारापर्यंत मी फोनपाशी आहे. तेव्हा जमलं नाही, तर मार्चमध्ये फोन कर. मी उचलीन. समोरून काही ऐकू आलं नाही, तरी ठेवू नकोस. तू बोलत राहा.

ऐकत असलेला,
तुझा डाऊवे