जावळ झाल्यावर हेल्मेट

४ मे, रविवार, सकाळी ७
कंपनीची डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. आजपासून रोज लिहिणार.
काल रेणूला पुण्याच्या डॉक्टरांना दाखवलं. पोरगी सव्वाचार महिन्यांची. सारखी उजवीकडे मान करून झोपते, त्यामुळे डोकं मागून उजवीकडे चपटं झालंय आणि तो कान जरा पुढे आलाय. डॉक्टरांनी डोकं दोन तिरक्या रेषांत मोजलं. फरक १४ मिलिमीटर. म्हणाले, हेल्मेट घाला, दिवसाचे तेवीस तास, तीन-चार महिने. आत्ता सुरू केलंत तर आकार येईल, वर्ष उलटल्यावर हाड ऐकत नाही.
बायको समीक्षा म्हणाली, माप देऊनच जाऊ. मी म्हणालो, विचार करून कळवतो. चौदा वर्षं क्वालिटीत काढलीत. नवलाख उंबऱ्याच्या प्लांटमधून माझ्या सहीशिवाय एक जॉब, एक पार्ट बाहेर जात नाही. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत घाई करणं मला शोभत नाही.

५ मे, सोमवार
जॉबची जाडी मोजायचा व्हर्नियर घरी आणला. रीतसर गेटपास करून. रेणू झोपल्यावर मोजलं. १३.२. म्हणजे डॉक्टरांचं इन्स्ट्रुमेंट कॅलिब्रेट केलेलं नाही.
डॉक्टरांनी कॉटची दिशाही बदलायला सांगितलीय. रेणूच्या उजव्या हाताला खिडकी, खिडकीबाहेर गोठा, आणि म्हशीचं शेपूट हलायला लागलं की ही दुसरीकडे बघतच नाही. समीक्षा म्हणाली, डोकं उत्तरेला करू. आई कडाडली. म्हणाली, उत्तरंला डोकं मेलेल्या माणसाचं करत्यात, माज्या नातीला न्हाई तसं निजवायचं. मग समीक्षा म्हणाली, पूर्वेला करू, खिडकी डोक्यामागं जाईल. ते शास्त्रात बसतं. पण कॉट तशी लावायची तर मध्ये माझं कपाट येतं. त्यात माझ्या शंभर टक्के हजेरीच्या नऊ ट्रॉफ्या आहेत, ते असं सहज हलवता येत नाही. या रविवारी बघतो.

१८ मे, रविवार
मधले दिवस लिहायचे राहिले. प्लांटमध्ये गडबड.
हेल्मेटबद्दल पूर्ण विचार झाला. घालायचं. पण जावळ काढल्यावर. साधी गोष्ट आहे, कडेची धातूची कुसळं, म्हणजे बर, काढल्याशिवाय जॉबचं माप कुणी घेत नाही. केसांवरून घेतलेलं माप कच्चं. समीक्षाने तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, केसांचा काही प्रश्न नाही, वरून पातळ टोपी घालून माप घेतो. डॉक्टर चांगले आहेत, पण मोजमाप हा त्यांचा विषय नाही.
आईला विचारलं, पाचवा चालूय, उरकू का जावळ? ती म्हणाली, पाचव्यात टाळू लय कवळी असती, सातव्यात करू. जावळ विषम महिन्यातच. ठरलं. सातवा, २५ जूनला लागतो. लेखी ठरलं म्हणजे ठरलं.
कपाट पुढच्या रविवारी.

२९ जून, रविवार
सातवा लागला. जावळाला मामाची मांडी लागते. मामा म्हणजे समीक्षाचा भाऊ आदिनाथ, लोणावळ्यात हॉटेलात कॅप्टन. इथून परंदवडीपासून लोणावळा असं किती लांब! पण पावसाळ्यात शनिवार-रविवार भुशी डॅमला माणूस मावत नाही, मॅनेजर सुट्टी देत नाही. त्याची सुट्टी बुधवारी. बुधवारी मी कामावर. समीक्षा म्हणाली, तुम्ही एक दिवस रजा घ्या. तिला मी कपाटातल्या ट्रॉफ्या दाखवल्या. ती ट्रॉफ्यांकडे बघत राहिली. पटलं असणार.
आजचं रीडिंग ११.८. ट्रेंड उत्तम.

२० जुलै, रविवार
आदिनाथ आज येतो म्हणाला होता. आला नाही. लोहगडाच्या रस्त्याला गाड्या अडकल्या, बदलीचा माणूस तिकडेच राहिला. मी फोनवर चार शब्द सुनावले. माझ्या मुलीचं डोकं तुझ्या हॉटेलावाचून अडलंय, असं म्हणालो. तो म्हणाला, दाजी, हेल्मेटवाल्याकडं माझी मांडी लागत न्हाई, तुमी जाऊन या. उद्धट आहे.
आता नववा.

३ ऑगस्ट, रविवार
रीडिंग ९.६. रेणू हल्ली मोजू देत नाही, व्हर्नियर तोंडात घालते. त्यामुळे तीन रीडिंग घेतो आणि जे बसत नाही ते काढून टाकतो. केस दाट आलेत. मागून बघितलं तर काही कळत नाही. समीक्षा केस ओले करून दाखवते. ओल्या केसांवर कुणी माप घेतं का?
शेजारच्या लैलाभाभी आल्या होत्या. त्यांच्या बहिणीच्या मुलाने पुण्यात हेल्मेट घातलं होतं म्हणे, पाचव्या महिन्यात. चार महिन्यांत डोकं गोल. रडला का, विचारलं. दोन दिवस, म्हणाल्या. समीक्षाने माझ्याकडे बघितलं. मी चहा सांगितला.

३१ ऑगस्ट, रविवार
नववा चालू. घरात गणपती. पाहुणे. गणपतीत जावळ नको, आई म्हणाली. बरोबर आहे. गणपती गेले की लगेच.

१४ सप्टेंबर, रविवार
गणपती गेले. लगेच पितृपक्ष लागला. हे कॅलेंडर बघून आधीच लक्षात यायला हवं होतं. घरात माझ्याशिवाय कुणीच नियोजन करत नाही.
समीक्षा म्हणाली, जावळ राहू दे, मी एकटी जाते पुण्याला. मी समजावलं. इतकी वाट बघितली आणि आता कच्च्या मापावर हेल्मेट केलं तर सगळं रिवर्क. तेवीस तास जे डोक्यावर बसणार ते नीट नको का बसायला? ती म्हणाली, तुम्ही स्वतःचं हेल्मेट सोमाटण्यापर्यंत हँडलला अडकवता आणि पोलीस दिसला की घालता. विषय भरकटवण्याची तिची सवय आहे.
रीडिंग ८.१.

९ नोव्हेंबर, रविवार
अकरावा. आज नक्की होतं. न्हावी सोपान सांगून ठेवलेला, आदिनाथला सुट्टी मिळालेली. बुधवारी भावकीतले केरबा आबा गेले. सुतक. माणूस आठ वर्षं अंथरुणाला होता.
समीक्षाने कॅलेंडरवर काहीतरी मोजलं आणि पान खाली सोडलं. म्हणाली, वर्ष व्हायला सेहेचाळीस दिवस. मी म्हणालो, २३ तारखेला सुतक फिटलेलं असेल आणि अकरावाच चालू असेल. मी आशावादी माणूस आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
प्लांटला कस्टमर ऑडिट. सुट्टीच्या दिवशी कोण येईल, साहेबांनी विचारलं. हात वर गेला. सवयीने जातो.
ऑडिटर म्हणाले, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत. घरी सांगितलं. आई म्हणाली, आदिनाथ सकाळपास्नं बसून गेला.

२५ डिसेंबर, गुरुवार
रेणूचा पहिला वाढदिवस. केक. दोन पावलं टाकली. फोटो सगळे समोरून काढले, छान आले. रीडिंग ७.४, म्हणजे निम्म्यावर आलं, हेल्मेटशिवाय. हे समीक्षाला सांगितलं. ती फुगे फोडत होती. आता ती विचारत नाही. मला वाटतं तिलाही फरक दिसतोय.

७ जानेवारी, बुधवार
समीक्षाने परस्पर ठरवलं. आदिनाथची सुट्टी बुधवारी, म्हणून बुधवार. मला विचारलं नाही, सांगितलं. पौष आहे, तरी आई काही बोलली नाही. मी रजा टाकली, नऊ वर्षांतली पहिली.
आदिनाथने रेणूला मांडीवर घेतलं. सोपानने आधी पुढून काढलं, मग डावीकडून. पोरगी हसत होती. मग उजवीकडची मागची बाजू. तिथे सोपान थांबला. डोकं उजेडाकडे फिरवलं, बोटांनी चाचपलं आणि हळूच विचारलं, पोरगी पडलीवती का कुटं?
आदिनाथने खाली बघितलं. आई पदराने रेणूचं डोकं पुसत राहिली, पुसून झालं तरी पुसत राहिली. समीक्षा केस गोळा करत होती.
संध्याकाळी व्हर्नियर लावला. १५. परत लावला. १५. तिसऱ्यांदा १६. मी इतके महिने केस मोजत होतो.

१० जानेवारी, शनिवार
पुणे. डॉक्टरांनी मोजलं, १५.४. त्यांचं इन्स्ट्रुमेंट बरोबर आहे.
मी म्हणालो, जावळ झालंय, आता पक्कं माप घ्या. ते म्हणाले, आता घालून फारसा उपयोग नाही. हाड बसलं. बुद्धीला काही धोका नाही, केसांखाली झाकलं जाईल, मन लावून घेऊ नका. मग जुना कागद काढून म्हणाले, तीन मेला आला होतात. एवढंच म्हणाले.
परत येताना समीक्षा म्हणाली, वेणी घालताना भांग नेहमी तिरका पडेल, मी बघेन कसं ते. रागाने म्हणाली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. रेणू तिच्या खांद्यावर झोपली होती. नुकतं काढलेलं टक्कल, उजवी बाजू माझ्याकडे. मी देहू रोड येईपर्यंत बघत होतो.
चूक माझी आहे. दुसऱ्या कुणाची लिहिण्यासारखी सापडत नाही.

११ जानेवारी, रविवार, सकाळी ९
कपाट सरकवलं. ट्रॉफ्या न काढता सरकलं. कॉट पूर्वेला डोकं येईल अशी लावली, नीट बसली, वर वीतभर जागाही उरली. सगळं मिळून चार मिनिटं लागली.
रेणूला आत ठेवलं. ती कठड्याला धरून उभी राहिली, खाली उतरव म्हणून हात केले. उतरवली. चालत गोठ्याकडे गेली म्हशीला बघायला.
ती आता कॉटमध्ये झोपत नाही, समीक्षा म्हणाली. ऑक्टोबरपासून.